85 टक्क्यांचं पाकीट आणि सुटी सिगारेट

सिगारेटचं पाकीट हातात घेतलं की पुढच्या आणि मागच्या बाजूचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला दिसतो. त्यात 60 टक्के चित्र आणि 25 टक्के मजकूर. कंपनीच्या नावाला उरते ती एक पट्टी. इतका मोठा इशारा छापायला लावणारे देश जगात मोजकेच आहेत.

पण हे पाकीट हातात घेतं कोण? बहुतेक वेळा दुकानदार. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा टपरीवर येतो आणि ब्रँडचं नाव घेतो. दुकानदार पाकिटातून एक सिगारेट काढून पुढे करतो. मुलगा दोरीला बांधलेल्या लायटरवर ती पेटवतो आणि टपरीच्या आडोशाला जातो. पाकीट काउंटरच्या आतच राहतं. दहा वर्षं कोर्टकचेऱ्या करून मिळवलेलं ते भयानक चित्र दिवसभर टपरीवाल्याकडेच तोंड करून बसलेलं असतं.

तंबाखूच्या वेष्टनावर आपल्याकडे जितकी लढाई झाली, तितकी विक्रीच्या पद्धतीवर झाली नाही. तरुणांना तंबाखूपासून दूर ठेवायचं, या हेतूने पाहिलं तर हा क्रम उलटा पडला, असं माझं मत आहे.

एकाच करारातली दोन कलमं

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारावर भारताने फेब्रुवारी 2004 मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्यातलं कलम 11 वेष्टनाबद्दल आहे: इशारा पाकिटाच्या मुख्य भागाच्या निम्मा किंवा त्याहून मोठा असावा, आणि 30 टक्क्यांपेक्षा लहान तर नसावाच. कलम 16 अल्पवयीनांना होणाऱ्या विक्रीबद्दल आहे. सुट्या सिगारेटी आणि लहान पाकिटं यांमुळे तंबाखू मुलांच्या खिशाला परवडू लागतो, म्हणून त्यांची विक्री बंद करण्याचा प्रयत्न सरकारांनी करावा, असं त्यात लिहिलेलं आहे.

पहिल्या कलमात मागितलं होतं त्यापेक्षा आपण जास्त करून दाखवलं. दुसऱ्याकडे कित्येक वर्षं फारसं कुणी वळूनही पाहिलं नाही.

देशाचा स्वतःचा कायदा त्याआधीच, 2003 मध्ये झाला होता. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा हा कायदा कार्यकर्ते आणि पोलीस दोघेही इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘कोटपा’ म्हणूनच ओळखतात. त्याच्या कलम 6 नुसार 18 वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आतही विकता येत नाही. कलम 7 नुसार इशारा नसलेलं पाकीट विकता येत नाही. ‘पाकीट’ म्हणजे वेष्टन, खोका, डबा किंवा तसलंच काही, अशी व्याख्याही आहे. पाकिटाबाहेर काढलेल्या एका सिगारेटचं काय, याबद्दल मात्र कायद्यात स्वतंत्र ओळ नाही. त्या न लिहिलेल्या ओळीतून देशभरचा टपरीधंदा बिनबोभाट चालत राहिला.

पाकिटाची लढाई

चित्रमय इशाऱ्याचे नियम पहिल्यांदा 2006 मध्ये निघाले. मूळ कायद्यात कवटी आणि हाडांचं चिन्ह होतं. 2007 मध्ये कायदा बदलून ते ऐच्छिक केलं. तारखा पुढे जात राहिल्या आणि शेवटी 31 मे 2009 पासून पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूवर 40 टक्के इशारा आला. धूम्रपानाच्या मालावर फुप्फुसं आणि खाण्याच्या तंबाखूवर विंचू. हा विंचू कुणाच्या डोक्यातून आला असेल, याचं कुतूहल मला अजून आहे. तंबाखूच्या पुडीवर विंचू पाहून गावाकडच्या माणसाला कर्करोग आठवणार नाही. माल कडक असावा, एवढंच वाटेल. पुढच्या संचातल्या एका चित्रातला माणूस इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरी याच्यासारखा दिसतो म्हणून 2012 च्या सुरुवातीला गदारोळ झाला. चित्रं निवडण्याचं काम किती गांभीर्याने चाललं होतं, ते यावरून कळतं.

खरी लढाई ऑक्टोबर 2014 मध्ये पेटली. आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांच्या काळात अधिसूचना निघाली: 1 एप्रिल 2015 पासून दोन्ही बाजूंवर 85 टक्के इशारा. पुढच्याच महिन्यात ते खातं त्यांच्याकडून गेलं आणि जे. पी. नड्डा आले. मार्च 2015 मध्ये लोकसभेच्या दुय्यम विधान समितीने, म्हणजे कायद्याखाली सरकार काढतं ते नियम तपासणाऱ्या खासदारांच्या समितीने, अंमलबजावणी थांबवा असं सुचवलं आणि सरकारने ती थांबवली.

या समितीचे अध्यक्ष होते अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारं भारतीय संशोधन नाही, अशा आशयाचं त्यांचं विधान देशभर गाजलं. समितीचे दुसरे एक सदस्य, उत्तर प्रदेशातले श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडीच्या धंद्यातले होते. महाराष्ट्रात हे विधान अधिकच बोचलं, कारण राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले त्याला जेमतेम दीड महिना झाला होता. सरकारच्या तंबाखूविरोधी मोहिमेचा चेहरा असलेल्या सुनीता तोमर यांनी मोठ्या इशाऱ्यांसाठी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. त्यांचा मृत्यू 1 एप्रिल 2015 रोजी, म्हणजे इशारे लागू व्हायचे होते त्याच दिवशी झाला. वय 28.

समितीची बाजू नुसती हास्यास्पद होती असं म्हणून मोकळं होणं मात्र चुकीचं ठरेल. अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), सोलापूर, सिन्नर, भंडारा, गोंदिया इथे विडी वळून हजारो बायकांचं घर चालतं. विडीचा कट्टा निमुळता असतो, त्यावर एवढं चित्र बसवायचं कसं, ही अडचणही निव्वळ बहाणा नव्हती. प्रश्न एवढाच, की विडी कामगारांच्या नावाने मागितलेल्या सवलतीचा फायदा सिगारेट कंपन्यांनाही आपसूक मिळणार होता.

राजस्थान उच्च न्यायालयाने स्थगितीला धक्का दिल्यावर सरकारने 1 एप्रिल 2016 ही नवी तारीख जाहीर केली. समितीने 50 टक्क्यांवर यावं असा अहवाल दिला, तरी सरकार या वेळी हललं नाही. मोठ्या सिगारेट कंपन्यांनी त्या दिवसापासून कारखाने बंद ठेवले. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम पाळायला सांगितलं आणि देशभरचे दावे कर्नाटक उच्च न्यायालयाकडे पाठवले. त्या न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये 85 टक्क्यांचा नियमच रद्द केला. 8 जानेवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. व्यापाराच्या हक्कापेक्षा नागरिकाचं आरोग्य वरचढ, हा त्यामागचा रोख होता. त्याच वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून पाकिटावर नवी चित्रं आली आणि सोबत तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा 1800-11-2356 हा मोफत क्रमांकही आला.

या सगळ्याचा उपयोग झाला का? झाला. 2016-17 च्या प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे 62 टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी 54 टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी 46 टक्के लोकांनी सांगितलं, की पाकिटावरचा इशारा पाहून सोडावंसं वाटलं. आधीच्या, 2009-10 च्या सर्वेक्षणापेक्षा हे आकडे बरेच वर होते. चित्राने काय होतं, असं विचारणाऱ्यांना हे पुरेसं उत्तर आहे.

फक्त हे आकडे प्रौढांचे आहेत. आधीपासून ओढणाऱ्या किंवा खाणाऱ्या माणसाला सोडावंसं वाटणं आणि शाळकरी मुलाने सुरूच न करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दहाव्या वाढदिवसाआधी

2019 च्या राष्ट्रीय युवक तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचं काही ना काही सेवन करत होते. मुलगे 9.6 आणि मुली 7.4 टक्के. हे अंतर वाटतं त्यापेक्षा कमी आहे, आणि महाराष्ट्रात मशेरी लावणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचं फार नवल वाटू नये. त्याहून अस्वस्थ करणारी आकडेवारी सुरुवातीच्या वयाची आहे: सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी 38 टक्के, विडीवाल्यांपैकी 47 टक्के आणि खाण्याच्या तंबाखूवाल्यांपैकी 52 टक्के मुलांनी वयाची दहा वर्षं पूर्ण होण्याआधीच तो घेऊन पाहिला होता.

दहा वर्षांचं मूल अख्खं पाकीट विकत घेत नाही. ते वडिलांनी सांगितलं म्हणून एक पुडी आणायला जातं किंवा मोठ्या मुलांच्या हातातली अर्धी ओढून पाहतं. पुढे स्वतःच्या पैशांनी घेऊ लागलं, की एक सुटी. सरकार कर वाढवतं आणि पाकीट महाग होतं, पण सुटीची किंमत खाऊच्या पैशांत बसते तोवर करवाढीचा धक्का त्या मुलापर्यंत पोचत नाही. त्यातून पाकीट घरी नेण्याची जोखीमही टळते. दप्तरात पाकीट सापडलं तर घरी मार खावा लागेल, टपरीवरच संपवलेली सिगारेट कुणाला सापडणार?

म्हणजे सुटी विक्री इशारा झाकते, किंमत पाडते आणि पुरावा मिटवते. पाकिटाचे नियम कितीही कडक केले तरी या तिन्हींपैकी एकही गोष्ट बदलत नाही.

ज्याला पाकीटच नाही

सिगारेट हा या प्रकरणाचा लहान भाग आहे, हे शहरी वाचक नेहमी विसरतो. 2016-17 च्या त्याच प्रौढ सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे 3.8 टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे 24.4 टक्के. त्यातला मोठा भाग असा, की ज्याला छापील वेष्टनच नाही. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा साध्या पन्नीत गुंडाळून मिळतो. मावा गिऱ्हाइकासमोरच प्लास्टिकच्या तुकड्यावर चोळून दिला जातो. मशेरी घरी तव्यावर भाजली जाते. खर्ऱ्याच्या पन्नीवर 85 टक्के चित्र छापणार कोण? तो टपरीवर बनतो आणि तासाभरात संपतो.

गुटख्याची गोष्ट तर वेष्टनाच्या नियमांना बगल कशी दिली जाते याचा पाठच आहे. चित्रपटगृहात ज्याची जाहिरात सगळ्यांनी पाहिली आहे तो मुकेश हराणे भुसावळचा होता आणि वयाच्या 24 व्या वर्षी गेला, गुटख्यामुळेच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 पासून प्लास्टिकच्या पुड्यांवर बंदी आणली, तर पुड्या कागदाच्या झाल्या. महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखाच बंद केला. त्यावर बाजाराने शोधलेला उपाय साधा होता: पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी. दोन्ही एकत्र टांगलेल्या, दोन्ही एकत्र विकलेल्या, एकत्र होतात त्या गिऱ्हाइकाच्या तळहातावर. पुढे राज्याने सुगंधित तंबाखूलाही बंदीच्या कक्षेत घेतलं. हे आदेश वर्षाच्या मुदतीचे असतात म्हणून दरवर्षी नव्याने काढावे लागतात, आणि शेजारच्या राज्यांतून माल येतच राहतो.

महाराष्ट्राचा आदेश

सप्टेंबर 2020 मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने सुट्या सिगारेटी आणि विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. युक्तिवाद सरळ होता: इशाऱ्याशिवाय विक्री करता येत नाही असं कायदा म्हणतो, एका सुट्या सिगारेटवर इशारा नसतो, म्हणून ती विकणं कायद्याचा भंग आहे. नवा कायदा न करता जुन्याच कलमाचा असा अर्थ लावणं मला तरी चतुराईचं वाटतं. कायद्यातली न लिहिलेली ओळ अशी भरून काढली गेली.

ही बंदी पाळली जाते का, हे विचारायला कुठल्याही टपरीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. कारणं शोधायला मात्र दंडाची कलमं वाचावी लागतात, आणि तिथे या प्रकरणाची गाठ सापडते.

अल्पवयीनाला किंवा शाळेजवळ विकलं, तर कोटपाखाली दंड जास्तीत जास्त 200 रुपये. तो जागेवरच तडजोडीने वसूल करून पावती फाडता येते. इशाऱ्याशिवाय विकलं, तर विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, पण जागेवर तडजोड करण्याची सोय कायद्याने फक्त सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला आणि कलम 6 ला दिली आहे. सुट्या विक्रीचा गुन्हा कोर्टात न्यावा लागतो: पंचनामा, जप्ती, आरोपपत्र, तारखा. आणि हे सगळं एका सिगारेटसाठी. ठाण्यातल्या अंमलदाराने काय निवडावं? तो 200 ची पावती फाडतो आणि महिन्याचा आकडा पूर्ण करतो. दुकानदारही ती रक्कम धंद्याच्या खर्चात धरतो.

दुसऱ्या टोकाला बाल न्याय कायदा 2015 आहे. त्याच्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 200 रुपये किंवा सात वर्षं, मधलं काहीच नाही. एक शिक्षा इतकी हलकी की तिची भीती वाटत नाही, दुसरी इतकी जड की पोट भरणाऱ्या टपरीवाल्यावर ती लावायला हात धजावत नाही.

मधल्या वजनाची शिक्षा आणायचा प्रयत्न झाला होता. केंद्राने जानेवारी 2021 मध्ये कोटपा दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्यात वयाची अट 21 होती, सुट्या विक्रीवर थेट बंदी होती आणि दंडही वाढवले होते. विक्रेत्यांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि मसुदा पुढे सरकलाच नाही. कर्नाटकाने मात्र 2024 मध्ये स्वतःची दुरुस्ती करून वय 21 केलं, सुटी विक्री बंद केली आणि दंड 1000 रुपयांवर नेला.

टपरीवाल्याचं गणित

या लढाईत टपरीवाल्याला खलनायक ठरवणं फार सोपं आहे. त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. गिऱ्हाईक मोठं असो की लहान, बहुतेकांना सुटीच हवी असते. सुटी नाकारली तर ते दहा पावलांवरच्या दुसऱ्या टपरीवर जातं आणि जाताना चहा, बिस्किट, रिचार्ज यांचाही धंदा घेऊन जातं. नियम सगळ्यांनी एकदम पाळला तर कुणाचंच फारसं बुडत नाही, एकट्याने पाळला तर एकट्याचंच बुडतं. गिऱ्हाईक अल्पवयीन नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. पण ओळखपत्र मागणारी टपरी मी तरी पाहिलेली नाही. 18 वर्षांखालील व्यक्तीला विक्री हा दंडनीय गुन्हा असल्याचा 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक लावायचा असतो. तो दिसलाच तर बरेचदा चिप्सच्या माळेआड गेलेला असतो.

या चिप्सच्या माळेतच खरी मेख आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहिलं होतं: तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक स्वराज्य संस्थांकडून परवाना लागावा, आणि परवान्याची अट अशी, की त्या दुकानात चॉकलेट, बिस्किट, चिप्स, थंड पेय असं काही विकता येणार नाही. मुलाला टपरीवर यायला कारणच उरू नये, हा हेतू. 85 टक्क्यांवर वर्तमानपत्रांनी जितकी शाई खर्च केली, तिचा शतांश भागही या पत्राच्या वाट्याला आला नाही. मला मात्र या प्रकरणातला सगळ्यात कामाचा कागद हाच वाटतो.

त्याचं कारण वरच्या दंडाच्या गाठीत आहे. परवाना असला की तिसरी शिक्षा हाताशी येते. 200 रुपयांची पावती नको, सात वर्षांची कैद नको, पंधरा दिवस परवाना स्थगित. त्यासाठी कोर्टाची वाट पाहावी लागत नाही आणि टपरीवाल्याला ती खरोखर जाणवते. शेजारची टपरीही त्याच परवान्याला बांधलेली असते, त्यामुळे एकट्यानेच नियम पाळायची वेळ येत नाही. शिवाय तंबाखू नेमका किती ठिकाणी विकला जातो याची यादी प्रशासनाकडे पहिल्यांदाच तयार होते.

परवान्यालाही हरकती आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. परवाना म्हटलं की चिरीमिरीची नवी खिडकी उघडते. छोटा विक्रेता कागदपत्रांत अडकतो आणि मोठं दुकान सुटतं. म्हणून शुल्क नाममात्र ठेवायचं, संपूर्ण शहराऐवजी सुरुवात शाळांच्या 100 यार्डांपासून करायची आणि परवाना देणारा विभाग व तपासणारा विभाग वेगळा ठेवायचा, एवढी काळजी तरी घ्यायला हवी. शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या दिशांना 100 यार्ड, म्हणजे साधारण 91 मीटर मोजायचे असतात आणि तिथे पिवळी रेघ आखावी असं शाळांसाठीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. या रेघेच्या आत परवाना द्यायचाच नाही. तिच्या बाहेरच्या पहिल्या टपरीला द्यायचा तो पाकीटबंद विक्रीच्या अटीवर, आणि त्या दुकानात चॉकलेट-चिप्स नसतील या अटीवर.